चार फुटी बोळ

चंदीगडमध्ये आर्किटेक्टने राहायला जाणं म्हणजे पंगत उठल्यावर आचाऱ्याने हजर होण्यासारखं आहे. सगळं शहर आधीच कुणीतरी आखून, मापून, सेक्टरांचे नंबर घालून तयार ठेवलेलं. मी लग्न होऊन सांगलीहून तिथे गेले तेव्हा नवऱ्याला मेडिकल इन्स्टिट्यूटच्या हाडांच्या विभागात श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि मला मात्र भरपूर होती. कामं मिळत ती कोठ्यांच्या, म्हणजे तिथल्या बंगल्यांच्या, गच्च्या झाकण्याची, नाहीतर गॅरेजची खोली करण्याची. पुढे बाजार उघडला, शहरात नवा पैसा आला आणि ज्याला त्याला घरापुढे रोमन खांब हवे झाले. मी खांब लावत नसे. ‘पोर्च पडत नाहीये ना, मग खांब कशाला?’ असं तोंडावर विचारायची. त्यामुळे कामं कमी आणि स्वतःबद्दलचं मत मोठं, अशी माझी परिस्थिती होती. ते मत चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

एके दिवशी नवरा जेवताना म्हणाला, ‘अगं, एक सरदारजी आहेत. नातीला घेऊन आमच्या ओपीडीत येतात. त्यांना त्यांच्या फार्मवर कोंबड्यांच्या शेडमध्ये मुलांना खेळायची जागा करायचीय. तू खांब लावत नाहीस हे मी आधीच सांगून ठेवलंय.’

‘मग काय म्हणाले?’

‘म्हणाले, कोंबड्यांना तरी कुठे होते खांब.’

मला ते गृहस्थ न बघताच आवडले.

फार्म पिंजौरच्या पुढे, कालक्याचा रस्ता सोडून आत होता. एका बाजूला पॉपलरची उंच झाडं, मागे डोंगर, आणि मधोमध ती शेड. लांबच लांब आणि बुटकी. कोंबड्यांचा धंदा त्यांनी बंद केला होता, वास मात्र मागे राहिला होता. सरदारजी चांगले उंच, पांढरी दाढी, फिकट निळी पगडी. शेडच्या दारातून आत शिरताना त्यांनी एक हात पगडीवर ठेवला आणि कमरेत वाकले. घरात सगळे त्यांना दारजी म्हणत. मग मीही तेच म्हणायला लागले.

‘बेटाजी,’ ते म्हणाले, ‘मेरी पोती कहीं जा नहीं सकती. जहाँ जाओ, सीढ़ियाँ. तो मैंने सोचा, बच्चों को ही यहाँ बुला लेते हैं.’

एवढंच बोलले. मी पुढचं काही न विचारता काम घेतलं. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं की नेमकं काय बांधायचंय, तर मला धड सांगताही येईना.

पण हळूहळू ते कळत गेलं. त्या भागात मुलांनी बाहेर खेळायचं म्हटलं तर वर्षातले निम्मे दिवस वाया जातात. मे-जूनमध्ये लू, म्हणजे भाजून काढणारे वारे, डिसेंबर-जानेवारीत धुकं. मुलं घरात, टीव्हीपुढे. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या बायकांपासून आमच्या सेक्टरातल्या शेजारणींपर्यंत सगळ्या कावलेल्या असायच्या. छपराखाली मोठी, मोकळी, शेतातली जागा मिळाली तर शाळांच्या सहलीही येतील, असा दारजींचा हिशेब. आणि येणारं प्रत्येक मूल त्यांच्या नातीबरोबर खेळेल, हा त्यामागचा खरा बेत.

नात आठ वर्षांची. पायांत जन्मापासून ताकद नव्हती. हात मात्र अस्सल पंजाबी, चाकांची खुर्ची अशी वळवायची की बघत राहावं. फक्त ती वळवायची वेळ तिच्यावर फारशी येत नसे, कारण त्या घरात तिला कुणी खुर्चीत राहूच देत नव्हतं. आई, काका, आजोबा, जो येई तो तिला उचलून घेई. अंगणातून स्वयंपाकघरात जायचं तरी कुणाच्या तरी कडेवरून. प्रेम म्हणावं तर असं, की माझ्यासारख्या सांगलीच्या बाईला बघूनच दमायला व्हावं.

दुसऱ्या खेपेला मी माझ्या मुलीला बरोबर नेलं. तीही तेवढीच, दुसरी-तिसरीत. मी मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं अशी आमच्या घरची रीत होती, भांडणसुद्धा दोन भाषांत चालायचं. तिथे तिला भाषेची अडचण नव्हती. पाच मिनिटांत व्हरांड्यात लपंडाव सुरू झाला. नातीच्या चुलतभावाने डोळे मिटले, आणि काकाने पुतणीला उचलून घेऊन पडद्यामागे उडी मारली. पडद्यामागे एवढा मोठा काका, अर्धा बाहेर. शोधणारा पोरगा आला, पडद्याकडे बघितलं आणि पुढे निघून गेला.

माझी मुलगी ओरडली, ‘अरे, वो तो दिख रही है!’

‘उसको छोड़, वो कच्ची है,’ तो म्हणाला.

आमच्याकडे याला कच्चा लिंबू म्हणतात. खेळात घ्यायचं, पण आउट करायचं नाही. राज्य त्याच्यावर कधीच येत नाही. आम्ही लहानपणी धाकट्या भावाला कच्चा लिंबू करायचो. पण तो तेव्हा दुपट्यातून नुकता बाहेर आलेला होता, आणि ही आठ वर्षांची होती. पडद्याआडून तिचा चेहरा मला दिसला. लपलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असतं तसं काही त्यावर नव्हतं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना, कारण तिथे वाईट वागणारं एकही माणूस नव्हतं.

नंतर मी टेप घेऊन तिच्या खुर्चीची रुंदी मोजत होते. ती म्हणाली, ‘आंटी, आप क्या बना रहे हो?’

‘तू बता. क्या बनाऊं?’

तिने दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. ‘ऐसी जगह, जहाँ मैं अकेली छुप सकूँ. और पकड़ी जाऊँ. सच्ची में.’

माझ्यासाठी ते काम त्या दिवशी ठरलं. बाकी सगळं, भिंती, छप्पर, वारा, उजेड, हे त्या एका वाक्याभोवती बसवायचं होतं.

शेड पाडायची नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. कोंबड्यांसाठी बांधणाऱ्याने दिशा बरोबर धरली होती. लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या, ऊन आत घुसायचं नाही आणि वारा आरपार. तयार छप्पर पाडून नवं बांधणं म्हणजे शुद्ध मस्ती. भिंतींसाठी मी पेंढा सुचवला. भातकापणी झाली की तिथे चहूकडे शेतात पेंढा पेटवून देतात, आठवडाभर डोळे चुरचुरतात. तोच दाबून त्याचे गठ्ठे करायचे, विटांसारखे रचायचे आणि वरून दोन्ही बाजूंनी माती, शेण, चुन्याचा जाड लेप. आत उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. वीज लागली तर थोडी पंख्यांना, आणि कडक उन्हात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडायचं.

दारजींचा मोठा मुलगा, म्हणजे नातीचे वडील, दिल्लीहून एक चकचकीत पुस्तक घेऊन आले होते. त्यात लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या घसरगुंड्या, रंगीत चेंडूंचा हौद, आणि सगळीकडे एसी. ‘भाभीजी, एकदम फॉरेन जैसा,’ असं ते म्हणत. मी म्हटलं, ‘फॉरेन जैसा आहे म्हणूनच नको. वर चढायला सगळीकडे दोरीच्या शिड्या आहेत, बघितलंत? तुमची मुलगी यात कुठून जाणार?’

त्यांनी सहज सांगितलं, ‘मैं उठा के ले जाऊँगा ना जी.’

मी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

पेंढ्याला आग लागेल, उंदीर होतील, लोक हसतील, अशा सगळ्या शंका त्यांनी काढल्या. लेपाच्या तुकड्यावर मी निखारा ठेवून दाखवला, तरी मान हलेना. शेवटी हंगाम संपल्यावर शेडचा एक कोपरा पेंढ्याने बांधून घेतला, आणि मे महिन्यात भर दुपारी त्यांना तिथे चहाला बोलावलं. बोलणं लांबवलं. मी पेंढ्याचे गुण सांगत होते आणि समोरून उत्तर येईनासं झालं. बघते तर साहेब मंजीवर, म्हणजे तिथल्या बाजेवर, आडवे, तोंड उघडं, चक्क घोरतायत. बाहेर लू वाहत होती. मी दारजींना खुणेने आत बोलावलं. त्यांनी मुलाकडे बघितलं, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, ‘पक्का. यही बनेगा.’

माझी सगळी मदार होती चढणीवर. मुलांना उंच जायला आवडतं, म्हणून एक मोठं मचाण हवंच होतं, पॉपलरच्या लाकडाचा. वर लपायच्या जागा, खिडक्या, पेंढ्याच्या गाद्या. पण शिडी नाही, जिना नाही. वर जायचा रस्ता एकच, सगळ्यांसाठी, उताराचा. खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत न्यायची तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. शहरातल्या कुठल्या प्लॉटवर एवढी जागा मिळाली असती? इथे ती बुटकी शेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली होती. मध्ये दम खायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना मुलांच्या उंचीचे कठडे. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी नवऱ्याला दोनदा दाखवलं.

दिवाळीला सगळं कुटुंब जमलं, तेव्हा चढण तयार होती. मी मुद्दाम गेले. मुलगी खुर्ची घेऊन पायथ्याशी आली, हात चोळले, निघाली. थोडं अंतर गेली असेल नसेल, काका धावत आला. ‘ओए, थक जाएगी!’ खुर्चीसकट उचलून तिला वर ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला पुन्हा खाली आणायला लावलं. या वेळी तिच्या वडिलांनी उचललं. तिसऱ्यांदा मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, जाऊ द्या तिला. ‘हाँ जी, हाँ जी, बिलकुल,’ सगळे म्हणाले. ती अर्ध्यावर दम खायला थांबली, आणि स्वतः दारजी वर गेले, वाकले, आणि तिला छातीशी धरून घेऊन आले.

ती रडली नाही. तिने मान त्यांच्या खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिची आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. शांत बाई, एरवी फार बोलत नसे. ‘दीदी, इस घर में प्यार ज़रा ज़्यादा है,’ ती म्हणाली आणि हसली. मग तिने सांगितलं. बाळ जन्मलं आणि डॉक्टरांनी पायांचं सांगितलं, तेव्हा दारजी तडक गुरुद्वारात गेले होते आणि हात जोडून म्हणाले होते, मी आहे तोवर हिला एकटं सोडणार नाही. तेव्हापासून घरात सगळेच तो शब्द पाळत होते. ‘मैं बहू हूँ, मैं कैसे कहूँ? आप कहो.’

परत येताना गाडीत माझी मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, ‘आई, दारजी उसको छुपने क्यों नहीं देते?’  माझ्या डोळ्यांपुढे दारजी येत होते, पण ते चढणीवरचे नव्हे. पहिल्या दिवशी शेडच्या दारात, पगडीवर हात ठेवून वाकलेले.

घरी आल्याआल्या मी टेबलाशी बसले. चढणीला छप्पर घालायचं. चार फुटांवर. खुर्चीत बसलेलं मूल आरामात जाईल, आठ-दहा वर्षांचं मूल जरासं डोकं वाकवून जाईल. मोठं माणूस नाही. निदान उभ्याने नाही, आणि कुणाला कडेवर घेऊन तर नाहीच. बाहेरच्या बाजूने सरकंड्याची चटई लावायची. सरकंडा म्हणजे तिथे ओढ्याकाठी वाढणारं उंच गवत, त्याचे बसायचे मुढे विणतात. त्यातून हवा येते, आवाज येतो, दिसत मात्र नाही. आणि ठिकठिकाणी बाहेरून उघडणारे दरवाजे, कडी लावलेले, काही झालंच तर हात घालता येईल असे. नुसता उतार उरला नाही, बोळ झाला. मुलांचा बोळ.

आराखडा मी दारजींपुढे पसरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की हा असा का आहे. त्यांनी चष्मा लावला.  चार फुटांच्या आकड्यावर बोट ठेवलं.

‘बेटाजी, ये तो मुझे बाहर रखने का मकान है.’

‘हाँ जी,’ मी म्हटलं.

त्यांनी कागद गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि शेताकडे निघून गेले. काम थांबलं. फोन येईना. मला आराखड्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. तो बरोबर होता आणि मी तो बदलणार नव्हते. पण त्या म्हाताऱ्या माणसाला मी दुखावलं होतं, आणि त्याचं वाईट वाटायचं ते वाटतच होतं. नवरा म्हणाला, ‘एखादा फूट वाढव.’ मी म्हटलं, ‘तू ऑपरेशन करताना एखादं हाड कमी बसवतोस का?’ त्याने पुन्हा विषय काढला नाही.

मग एका सकाळी ते स्वतःच आमच्या दारात उभे. हातात गाजरांची पिशवी आणि गुळाची ढेप. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले. नंतर म्हणाले, ‘अंदर से उसकी आवाज़ आएगी?’

‘आएगी. हर पहिये की आएगी.’

‘और गिर गई तो?’

मी दरवाजे दाखवले. ते तरीही बसूनच राहिले. तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, ‘दारजी, आपने बोला था, अकेली नहीं छोड़ूँगा. तो मत छोड़िए. साथ चलिए. वो अंदर से, आप बाहर से.’

त्यांनी पगडीवरून हात फिरवला. डोळे भरले होते, लपवले नाहीत. ‘बनाओ फिर,’ ते म्हणाले.

लोहडीच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या सणाच्या सकाळी पहिल्यांदा मुलांना बोलावलं. बाहेर इतकं धुकं की पॉपलरची झाडं दिसत नव्हती. आत ऊब. भिंतींना अजून ओल्या मातीचा वास. दारात चपला-बुटांचा ढीग, चाळीस-पन्नास पोरं मोज्यांवर धावतायत, आणि मोठी माणसं भिंतीशी बसून शेंगा सोलतायत. माझ्या मुलीवर राज्य होतं. ती दाराच्या चौकटीला कपाळ टेकून मोजायला लागली, आणि नातीने खुर्ची बोळात घातली.

काका उठला. दारजींनी त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. आणि स्वतः उठले.

लोकरीच्या मोज्यांत ते बोळाच्या बाहेरून चालायला लागले. आत चाकं करकरत होती, बाहेर ते पावलाला पाऊल जुळवत होते, हात पाठीमागे बांधलेले. सपाट जागेशी चाकं थांबली, तेही थांबले. पुन्हा चाकं निघाली, तेही निघाले. शेवटच्या टप्प्यात, अगदी मचाणाजवळ, आवाज एकदम बंद झाला. काहीच येईना. दारजींचा हात कडीवर गेला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.  मी नाही म्हणून मान हलवली नाही, हो म्हणूनही नाही. तो हात तिथून उचलायचा की नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवायला हवं होतं.

त्यांनी हात काढून घेतला. पण जागचे हलले नाहीत.

आणि चटईमागून दबलेला, भयंकर चिडलेला आवाज आला, ‘दारजी! आप यहाँ खड़े मत रहो ना! सबको पता चल जाएगा!’

उशीर झाला होता. माझ्या मुलीचं मोजून झालं होतं. तिने शेडभर एकदा नजर फिरवली, फिकट निळी पगडी बोळाला चिकटून उभी दिसली, आणि ती थेट आत घुसली. मग एकच आरडाओरडा. ‘पकड़ी गई! पकड़ी गई!’

नात मचाणाच्या कठड्याशी आली. केस विस्कटलेले, गाल लाल, तळवे काळे. ‘आपकी वजह से!’ ती वरून आजोबांवर ओरडली. ‘सिर्फ़ आपकी वजह से!’ आयुष्यात त्यांना कुणी असं बोललं नसेल. दारजी मान खाली घालून उभे होते आणि खांदे गदगदत होते. मला आधी वाटलं रडतायत. ते हसत होते. मग दोन्ही.

‘अब तेरी बारी,’ माझी मुलगी तिला म्हणाली. साधं, रोजचं वाक्य.

तिने खुर्ची वळवली, कपाळ खांबाला टेकलं आणि मोजायला लागली, मोठ्याने, एकेक आकडा चावून. पोरं फुटली. काका पळाला. वडील पळाले. तिची आई ओढणी सावरत खाली टाकलेल्या पेंढ्याच्या गाद्यांमागे गेली. मी एका दाराआड शिरले. आणि शेवटी दारजी, एक हात पगडीवर ठेवून, चवड्यांवर, चोरासारखे भिंतीतून उरलेल्या गठ्ठ्यांच्या ढिगामागे जाऊन वाकून बसले. वरती ती डोळे मिटून मोजत होती, आणि तिच्या घरातलं एकेक माणूस तिच्यापासून लांब पळत होतं.

‘आ जाऊँ?’ तिने वरून विचारलं.

 गठ्ठ्यांमागून तेवढा एक घोगरा आवाज आला, ‘आ जा, पुत्तर.’

बोळात चाकं वळली.